झरीना आणि आमचे गाव

सोलापुरास नाटकाचे गाव म्हटल्याचे कधी ऐकिवात आले नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले त्या सांगलीचा हक्क पिढीजात, पुण्याचा अधिकार टीकेचा आणि मुंबईचा मिळकतीचा; आमच्या वाट्याला गिरण्यांचे भोंगे, चादरी, शेंगाची चटणी आणि आठ महिने टिकणारे ऊन एवढाच ऐवज आला, असे बाहेरचे लोक समजतात आणि आम्हीही संकोचाने त्यास रुकार देतो. असे असता, ज्या एका आवाजाने माझ्या निम्म्याहून अधिक हयातीत मला सोबत केली तो फैयाजबाईंचा आवाज ह्याच गावचा आहे, ही गोष्ट मी परगावच्या रसिकांना जरा अनावश्यक आग्रहानेच सांगत आलो आहे.

आमचे घर गिरणीच्या हद्दीलगत होते. पलीकडच्या आळीत तेलुगू पद्मशाळी विणकरांच्या मागांची खटखट, शेजारच्या वाड्यात पहाटे कानडी वचने म्हणणारी एक वृद्धा, आणि मागल्या बोळात दखनी बोलीतली भांडणे, जी भांडणे असूनही ऐकावीशी वाटत, अशा चतुर्भाषिक कल्लोळात आमचे कान तयार झाले. १९३० साली ज्या शहरावर मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी ज्याचे चार पुत्र येरवड्यास फासावर गेले, त्या मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे ह्यांची नावे नुसती ओळीने उच्चारली तरी त्या कल्लोळाची नोंद होते. पुढे गावात जे नाट्यगृह उभे राहिले त्यास ह्या चौघांच्या स्मरणार्थ 'हुतात्मा स्मृतिमंदिर' हे नाव दिले, हे मला नेहमीच योग्य वाटत आले आहे. अभिवादन एका दिवसाचे असते. नाट्यगृहात माणसे वर्षभर जातात.

वडील गिरणीच्या हिशेबखात्यात होते आणि नाटकाचा त्यांना तिटकारा होता. त्यांच्या लेखी नाटक म्हणजे बालगंधर्वांच्या पायी कर्जबाजारी झालेल्या एका चुलत्याची कैफियत. बोलपट आल्यावर संगीत नाटकाची जी वाताहत झाली तीत त्यांना ईश्वरी न्याय दिसत असे. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आली, ज्योत्स्नाबाई भोळे रंगमंचावर उभ्या राहिल्या, स्त्रीने स्त्रीची भूमिका करावी हे हळूहळू लोकांच्या अंगवळणी पडले. ह्यांपैकी कशाचीही दखल आमच्या घरच्या दफ्तरात घेतली गेली नाही. १९६० साली 'पंडितराज जगन्नाथ' आणि १९६४ साली 'मत्स्यगंधा' आल्यावर संगीत नाटक पुन्हा उठून बसले, तेव्हाही वडिलांचा अभिप्राय कायम होता.

तो डळमळला 'कट्यार काळजात घुसली'मुळे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक 'नाट्यसंपदे'ने २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगभूमीवर आणले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेब वसंतराव देशपांडे, सदाशिव प्रसाद सावकार, पंडितजी भार्गवराम आचरेकर, आणि झरीना आमच्या फैयाजबाई. वसंतरावांनी अनेक वर्षे पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी केली होती, ही बातमी मी वडिलांच्या कानावर घातली मात्र, त्यांचा चेहरा बदलला. जमाखर्चाचा माणूस एवढे गाऊ शकतो तर गाण्यात काही तरी तथ्य असले पाहिजे, अशा काहीशा तर्काने ते प्रयोगास आले. पहिल्या अंकभर घडीची टोपी गुडघ्यावर ठेवून ते ताठ बसले होते. दुसऱ्या अंकात टोपी खाली पडली आणि ती उचलण्याचे भान त्यांना राहिले नाही.

वसंतरावांच्या ताना सभागृहावर विजेसारख्या कोसळत आणि लोक त्यांच्याविषयीच बोलत घरी जात, हे रास्तच होते. माझे लक्ष मात्र झरीनेवर खिळले. राजगायकाच्या त्या घरात विद्या कडीकुलुपात आहे; बाहेरचा एक तरुण ती चोरून ऐकतो आहे; राजाने दिलेल्या कट्यारीस एक खून माफ आहे; आणि ह्या सगळ्यांच्या मध्ये ही मुलगी उभी आहे, जिला घराण्याचा अभिमानही कळतो आणि शिकू पाहणाऱ्याची तहानही. नाटक तिच्या नावाने ओळखले जात नाही. पण तिच्याविना खाँसाहेब नुसते अहंकारी आणि सदाशिव नुसता दुर्दैवी उरेल. उर्दूच्या अंगाने जाणारे ते मराठी संवाद फैयाजबाई बोलत तेव्हा त्यांत पाठांतराचा वास नसे. शब्दांचा तो घाट आमच्या मागल्या बोळातला होता, फक्त त्याला आता अदब आली होती. आणि दुसरा गात असताना ऐकत उभे राहणे, मान किंचित कलती ठेवून, समेची जागा डोळ्यांनीच धरीत, हे त्या जे करीत ते मी नंतर भल्याभल्या नटींना जमलेले पाहिले नाही. रंगमंचावर बोलणे शिकवता येते, ऐकणे शिकवता येत नसावे. भिंतीपलीकडचे चार भाषांतले जगणे ज्या मुलीने लहानपणी ऐकले असेल तिला ते आपसूक येत असेल, असा माझा गावाभिमानी तर्क आहे. तो पुराव्यात टिकणार नाही, तरी मी तो मागे घेत नाही.

पुढे शिरवाडकरांच्या 'वीज म्हणाली धरतीला'मध्ये त्या जुलेखा झाल्या. झाशीच्या राणीच्या नाटकात राणीकडे सोडून दुसरीकडे पाहण्याचे प्रेक्षकाला कारण नसते. वसंत देसाईंच्या चालींनी आणि ह्या बाईंच्या गळ्याने ते कारण पुरवले. १९७० च्या 'घरकुल' चित्रपटात सी. रामचंद्रांच्या संगीतात त्यांनी बैठकीच्या ढंगाचे एक गाणे म्हटले, ते रेडिओवर लागले की आमच्या आत्याबाई आवाज कमी करीत आणि दोन कडव्यांनंतर स्वतःच पुन्हा वाढवीत. त्या गाण्यात शृंगार आहे, पण तो आर्जवाचा नाही. सरलेल्या मैफलीचा हिशेब निगुतीने मांडणाऱ्या स्त्रीचा आहे. नायिकेची गादी बाईंना क्वचितच मिळाली, आणि रंगभूमीच्या व्यवहारात हा अन्याय म्हणून नोंदवावा असे काही मित्रांचे मत आहे. मला ते पटत नाही. मोठ्या नाटकांतल्या ज्या जागा कथेच्या कडेला असूनही तिचा तोल धरतात, त्या कुणी तरी जाणून घेतल्या पाहिजेत, आणि त्या त्यांनी जन्मभर अशा घेतल्या की नंतर तिथे उभे राहणाऱ्या प्रत्येकीला आधी त्यांच्याशी सामना करावा लागला.

दरम्यान गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, भोंगे थांबले, वडील गेले. तबकडीची ध्वनिफीत झाली आणि ध्वनिफितीची आणखी काही तरी. फेब्रुवारी २०१५ मध्ये बेळगावी पंच्याण्णवावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद फैयाजबाईंकडे आले. मराठीचा हक्क हिरिरीने सांगणाऱ्या त्या सीमेवरच्या गावात, सोलापुरात वाढलेल्या फैयाज शेख अध्यक्षस्थानी बसल्या. ह्यावर मी भाष्य न करणे बरे. त्याच वर्षी दिवाळीत सुबोध भावे ह्यांनी 'कट्यार'चा चित्रपट केला, तो पाहून आलेल्या नातीने झरीनेचा मूळ आवाज ऐकायला मागितला. मी तो काढून दिला. आता ती त्यातल्या एका जागेशी झगडत असते, तीच ओळ, तीच हरकत, दिवसातून कितीदा तरी. आणि तिच्या गाण्याच्या बाईंनी असा हुकूम काढला आहे की आधी सहा महिने पलटे घोटावेत, झरीनेचे पुढे पाहू. हुकमाची अंमलबजावणी बाई घरात असेतोवर होते.