सतरा माणकं

गोंदिया जिल्ह्यातल्या लहान बाजारपेठांत सोनारकाम आणि घड्याळदुरुस्ती एकाच गादीवर बसून करणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलो. आमगावच्या अशाच एका काकांकडे अजूनही जातो. एका बाजूला ऐरण, मूस, टाकणखार. दुसऱ्या बाजूला धूळ बसू नये म्हणून पालथ्या पेल्याखाली झाकलेलं उघडं घड्याळ. डोळ्याचं भिंग मात्र दोन्ही कामांना एकच.

ही जोडी पोटासाठी जमली, हे खरंच. आमच्याकडे सोनं धानाच्या मागे चालतं. रोवणीला मजुरी द्यायची असली की डोरलं गहाण पडतं किंवा मोडीत येतं. धान विकून पैसा आला, दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरल्या, की जोडवी, गरसोळी, लग्नाचे डाग. मधल्या कोरड्या महिन्यांत घड्याळं घर चालवायची. 1963 साली सुवर्णनियंत्रणात चौदा कॅरेटहून शुद्ध दागिना घडवायला बंदी आली, तेव्हा तर देशभरच्या सोनारांची चूल विझायची वेळ आली होती. अशा वेळी घड्याळांचाच आधार उरला; बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना त्याआधी दोनच वर्षं निघाला होता.

पण मला या दोन कामांचं नातं पोटापलीकडचं वाटतं. काकांनी एकदा ‘एचएमटी जनता’ उघडून दाखवलं. आत सतरा माणकं. कारखान्यात तयार झालेली, मोहरीएवढी. चाकांच्या आसांची पोलादी टोकं त्यांतल्या बहुतेकांच्या भोकांत फिरतात; माणिक कठीण, म्हणून झीज फारशी होत नाही. बॅलन्सचं चाक सेकंदाला पाच ठोके देतं, तासाला अठरा हजार, आणि ती माणकं वर्षानुवर्षं तो भार सोसतात. मोडीत त्यांना कोणी विचारत नाही. काका मात्र प्रत्येक खडा पेट्रोलने धुऊन, भिंगाखाली धरून, तडा गेला नाही ना हे बघतात. शेजारच्या डबीतल्या अंगठीचा खडाही ते तसाच बघतात. ही समदृष्टी मला फार मोठी वाटते. दिसण्यासाठी घडवलेलं आणि कुणालाच न दिसणारं, दोन्हींवर तेवढाच जीव लावणारा माणूस शोधून सापडत नाही.

टायटनची क्वार्ट्झ घड्याळं 1987 पासून आली आणि दुरुस्ती बरीचशी सेल बदलण्यावर आली. एचएमटीचा घड्याळ विभाग 2016 मध्ये बंद झाला. आता सुटे भाग निकामी घड्याळांतून काढावे लागतात. दागिनेही मोठ्या शहरांतून तयार येतात, हॉलमार्कचा शिक्का घेऊन. शुद्धतेची हमी ग्राहकाला मिळाली, हे चांगलंच झालं. पण तुटलेल्या डोरल्याला डाख लावायला, आजोबांचं घड्याळ चालू करायला तो शिक्का येत नाही. त्याला माणूसच लागतो.

काकांच्या मुलाने मोबाइलचं दुकान टाकलं आहे. अलीकडे तो मोबाइलच्या सर्किट बोर्डावरचं बारीक डाखकाम करायला वडिलांचं भिंग मागून नेतो, आणि काका त्याला डाख लावताना हत्याराचं टोक कसं धरायचं ते दाखवायला स्वतः उठून जातात.