कापराचं वजन

तंजावूरच्या सरस्वती महालात पोथ्यांजवळ पुरचुंड्या ठेवण्याची जुनी रीत आहे. वेखंड, काळं जिरं, लवंग, दालचिनी, मिरी यांची पूड आणि जोडीला कापूर. ताडपत्रांना गवती चहाचं तेल चोळणंही दक्षिणेत जुनंच. दुसऱ्या सरफोजीराजांनी (1798 ते 1832) वैभवाला नेलेल्या या ग्रंथालयात आपल्या मोडी कागदांचेही रुमाल आहेत. कावेरीकाठच्या दमट उकाड्यात कसर आणि वाळवी यांच्यापुढे ही अक्षरं तगली, त्यात झाडपाल्याचे उपकार मोठे आहेत.

कापराची वडी उघडी ठेवली की वितळत नाही, ओली होत नाही, नुसती झिजते. कडा गोल होतात, कोपरे बोथट होतात आणि एक दिवस तिथे काहीच उरत नाही. गेली ती सगळी हवेत, रेणूरेणूने. वास म्हणजे पदार्थच. त्याला वजन असतं. हायड्रोजनचा अणू एक धरला तर कापराचा रेणू 152 भरतो. आणि गवती चहाला लिंबाचा वास देणारा सिट्रल? तोही 152! दोघांत दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. एकात ते कड्यांत गुंफलेले, दुसऱ्यात मोकळ्या साखळीत. तेवढ्याच अणूंतून सृष्टीने एक देवघराचा गंध घडवला, एक पावसाळी चहाचा. मला याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

मास स्पेक्ट्रोमीटर हा फरक ओळखतो. निर्वात पोकळीत रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो, रेणू विद्युतभारित होतो, फुटतो आणि तुकडे वजनाप्रमाणे वेगळे होतात. कापराची ठळक रेघ 95 वर उमटते, सिट्रलची 69 वर. ज्याचा सांधा जिथे नाजूक, तो तिथेच तुटणार.

सरस्वती महाल ज्या राजवाड्यात आहे, त्याच्याच आवारात शस्त्रागाराचा उंच बुरूजही उभा आहे. तो पाहताना आठवतं, की मास स्पेक्ट्रोमीटर स्फोटकांचाही माग काढतो. टीएनटीचा रेणू 227 वजनाचा, फुटला की 210 वर रेघ देणारा. त्याची वाफ हवेत अब्जात जेमतेम काही भाग. 12 मार्च 1993 ला मुंबईत 257 जीव घेणाऱ्या स्फोटांतलं आरडीएक्स त्याहून कितीतरी अबोल: लाख कोटींत काही भाग. कापूर स्वतःहून दरवळतो, हे लपून बसतं. पण हाताळणाऱ्याच्या बोटांना, पिशवीच्या मुठीला त्याचे कण चिकटतातच. विमानतळावर सामानावरून पट्टी फिरवतात ती त्यासाठीच. तिथली यंत्रं बहुधा आयन किती वेगाने सरकतात तेवढंच पाहतात. पक्की ओळख प्रयोगशाळेतला मास स्पेक्ट्रोमीटर पटवतो.

कापूरही या गोष्टीपासून अगदी अलिप्त नाही. आल्फ्रेड नोबेलने 1887 मध्ये पेटंट घेतलेल्या बॅलिस्टाइट या धूरविरहित दारूत तो मिसळलेला होता. तिथूनही तो हळूहळू उडून जाई, आणि दारूचा गुण बदले. इथे पोथी राखणारा, तिथे तोफेच्या कामाला जुंपलेला. पण उडून जाण्याचा धर्म त्याने कुठेच सोडला नाही.

तंजावूरला जाल तेव्हा बृहदीश्वराचं दर्शन घेऊन परस्पर परतू नका. सरस्वती महालात जा, मांडलेली ताडपत्रं शांतपणे पाहा, आणि ती ज्यांनी जपली त्या वेखंड-कापरालाही एक नमस्कार करा.