यावल : कागदाचे आणि निळीचे गाव

भुसावळहून तापी ओलांडली की रस्ता उत्तरेस सातपुड्याच्या रोखाने जाऊ लागतो आणि दुतर्फा केळीच्या बागा सुरू होतात. याच हिरव्या पट्ट्यात तालुक्याचे गाव यावल वसले आहे. महर्षी व्यासांच्या मंदिरामुळे गुरुपौर्णिमेला येथे दूरदूरचे भाविक येतात. गावातील पडका किल्ला निंबाळकरांची आठवण करून देतो. सुमारे १७८८ मध्ये शिंद्यांनी यावल त्यांना दिले. पुढे सत्तेच्या अनेक उलथापालथी होऊन १८४३ मध्ये ते इंग्रजी अमलाखाली स्थिरावले.

इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने मात्र या गावाची एक निराळीच ओळख नोंदवून ठेवली आहे. जाडसर देशी कागद आणि नीळ या दोन मालांसाठी यावल एके काळी प्रसिद्ध होते.

देशी कागद हे कष्टाचे काम होते. जुने दोरखंड, तागाचे तरट, चिंध्या भिजवून कुटायच्या, चुन्याच्या पाण्यात मुरवायच्या, वाहत्या पाण्यात धुवायच्या. तो लगदा हौदात कालवून चाळणीवर त्याचा पातळ थर उचलायचा, ताव भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. असा कागद दिसायला साधा, पण टिकाऊ. सरकारी दफ्तरे, सावकारांची खतपत्रे आणि पेढ्यांच्या कीर्द-खतावण्या अशाच हातकागदावर लिहिल्या जात. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा उद्योग ओसरत गेला. निळीचेही तेच झाले. १८९७ मध्ये जर्मनीतील कारखान्यात तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि हिंदुस्थानच्या निळीच्या व्यापाराचा कणा मोडला.

एका धंद्यावर उभी राहिलेली गावे जगभर आहेत. इंग्लंडच्या ईशान्येस नॉर्थम्बरलंड परगण्यातील अ‍ॅशिंग्टन हे कोळशाच्या खाणींवर वाढलेले असेच एक गाव. जगातील सर्वांत मोठे खाणगाव असा त्याचा लौकिक होता. तेथे लगतची वुडहॉर्नची खाण १९८१ मध्ये आणि खुद्द अ‍ॅशिंग्टनची १९८८ मध्ये बंद झाली. रोजगार गेला, तो परत आला नाही. पण गावाने आठवण जाऊ दिली नाही. वुडहॉर्नच्या खाणीच्या जागी आज संग्रहालय आहे. १९३४ मध्ये प्रौढशिक्षणाच्या वर्गातून चित्रे काढू लागलेल्या खाणकामगारांची चित्रे तेथे जपली आहेत आणि परगण्याचे जुने दफ्तरही तेथेच आहे. आपले आजोबा काय करीत होते, हे तेथील मुलाला पाहता येते.

यावलच्या धंद्यांना असा बंद होण्याचा दिवस नव्हता. एकेक हौद कोरडा पडला, एकेक घर दुसऱ्या कामाला लागले, आणि कोणी तारीख लिहून ठेवली नाही.

आज यावल आणि शेजारचे रावेर केळीवर उभे आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येथील केळी रेल्वेने आणि ट्रकने उत्तर भारतात जातात. बागाईतदारापासून हमालापर्यंत आणि खताच्या दुकानापासून कापडाच्या दुकानापर्यंत साऱ्यांचा हिशेब शेवटी केळीच्या घडाशी येऊन ठेपतो. परंतु वैशाखातले एक वादळ उभी बाग आडवी करते, आणि विहिरींचे पाणी वर्षानुवर्षे खोल जात आहे. सारी पत एकाच ऋणकोवर लावू नये, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावे लागत नाही. गावाच्या बाबतीत मात्र ही शहाणपणाची गोष्ट सहज विसरली जाते, कारण पूर्वीचे दोन धंदे कसे गेले हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

माणसे उरली नसली तरी कागद उरले असण्याचा संभव आहे. खानदेशातील व्यापारी घराण्यांच्या माळ्यावर, रुमालात बांधलेल्या, मोडी किंवा महाजनी अक्षरांतील वह्या अजूनही सापडतात. कोणता माल कोठून आला, कोणत्या भावाने गेला, कोणत्या साली उधारी बुडाली, हे सारे त्यांत आहे. ज्यावर ते लिहिले गेले तो कागद कदाचित यावलच्याच हौदातला असेल. घराची दुरुस्ती निघाली की अशा वह्या रद्दीत जातात, आणि गावाचा इतिहास किलोच्या भावाने विकला जातो.

इतिहासाचार्य राजवाडे असेच कागद शोधीत गावोगाव हिंडले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. दिवाळीत नव्या वहीचे पूजन होते, ज्ञानपंचमीस ग्रंथांची पूजा होते. त्याच दिवसांत माळ्यावरचे जुने गाठोडे एकदा खाली उतरवावे, धूळ झटकावी, वाचता येणाऱ्यास दाखवावे आणि घरी जपणे जमत नसेल तर जाणत्या संस्थेच्या हाती सोपवावे. जमाखर्चाच्या त्या ओळींत यावलच्या विसरलेल्या धंद्यांची तारीख कोठेतरी लिहिलेली असू शकेल.