सुकाणूची जागा

केप हॅटेरसजवळ अटलांटिकमध्ये 'डिक्सी ॲरो'वर उतरताना आधी जहाज दिसतच नाही. सुमारे 90 फुटांवर वाळू लागते, मग त्या वाळूत पसरलेले पत्रे, वाकलेल्या फासळ्या, तुटके पाइप. डोळे सरावले की पुढची नाळ ओळखू येते. ती अजून उठून उभी आहे. मागे वरामणाकडे इंजिन आणि बॉयलर आहेत. मधला भाग तेवढा भुईसपाट झाला आहे. सोबतचे पाणबुडे सँड टायगर शार्कच्या मागे जातात. त्यांचे बाहेर डोकावणारे दात आणि संथ फेऱ्या पाहण्यासारख्या आहेत खऱ्या, पण मला ओढ असते ती त्या सपाट झालेल्या मधल्या भागाची.

26 मार्च 1942च्या सकाळी हे तेलवाहू जहाज टेक्सासचं कच्चं तेल घेऊन न्यू जर्सीकडे निघालं होतं. त्या वसंतात या किनाऱ्यावरून जहाजं बहुधा एकेकटीच जात, आणि जर्मन पाणबुड्या त्यांची वाटच पाहत असत. यू-71चे तीन टॉर्पेडो लागले. मधला डेक पेटला. वारा आगीला नाळेकडे लोटत होता आणि तिथे काही खलाशी अडकले होते.

सुकाणूवर ऑस्कर चॅपेल होता. त्या काळच्या टँकरवर सुकाणूघर मध्यावर असे. त्याने जहाजाचं तोंड वाऱ्याकडे वळवलं. नाळ आगीतून मोकळी झाली, तिथल्या माणसांना समुद्रात उड्या टाकता आल्या. ज्वाळा फिरल्या त्या त्याच्याच अंगावर. हे अजाणता घडलं असं मला वाटत नाही. जहाज वळलं की आग कुठे जाईल, हे सुकाणू धरणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

33 जणांपैकी 11 जण गेले. उरलेल्या 22 जणांना 'टारबेल' या विनाशिकेने उचललं. चॅपेलला मरणोत्तर पदक मिळालं.

त्याची जागा मी शोधतो आणि ती सापडत नाही. पत्र्यांच्या त्या पसाऱ्यात सुकाणूघर कुठलं, हे कसं ठरवणार? नाळेवर मात्र हात टेकवता येतो.

पाण्यात उतरण्याआधी बोटीवर खोली, प्रवाह, हवेचा हिशेब, सगळं नीट समजावतात. माझं मागणं एवढंच, की तेव्हा त्याचं नावही सांगावं, आणि शार्कच्या आधी नाळ दाखवावी.