उद्या गोंदायला जायचंय



आधी शेतातली नोंद. कांद्याचं रोप आज २९ दिवसांचं झालं. दोन वाफ्यांत मर दिसली होती, पाणी कमी केलं आणि ट्रायकोडर्मा सोडला, आता थांबलीय. लागणीला अजून अडीच आठवडे तरी आहेत. ज्वारी गुडघ्याच्या वर आली. दुभत्या गाया तीन, एक आटवलीय.

आता दुसरी गोष्ट. उद्या सकाळी अकरा वाजता नगरला माझा नंबर लागलाय. दवाखान्यात नाही, गोंदणाच्या दुकानात. पोरं ज्याला टॅटू म्हणतात ते. वय पंचावन्न, दहावी पास, हिवरे बाजारचा शेतकरी, आणि जन्मात पहिल्यांदा हातावर काढून घेणार. घरात हसून झालंय, पारावर पण हसून झालंय. एकजण म्हणाला, "गाईच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला मारतात, तसा तुझा पण नंबर टाकून घे." मी म्हणालो, टाकला असता, पण अनुदान मिळणार नाही.

झालं असं. आमच्या आईच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, तुळशी वृंदावन गोंदलेलं आहे. तिच्या वयाच्या बहुतेक बायांच्या हातावर असं काहीतरी असतंच. तुळस, विंचू, कोयरी, सीतेची न्हाणी, कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके. सुगी झाली की गोंदणारी बाई गावात यायची. तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, करवंटीत कालवलेलं काजळ. पैसे कोण देणार, पायली-अर्धी पायली ज्वारी नाहीतर जुनं लुगडं द्यायचं. सोनंनाणं इथंच राहतं, मेल्यावर बरोबर येतं ते फक्त गोंदण, असं आई अजून म्हणते. तिचं तुळशीचं गोंदण लग्नाच्या आधी माहेरी झालेलं.

आता आईचं वय अठ्ठ्याहत्तर-ऐंशी असेल. कातडी सुरकुतली, तुळस पसरली, काळं काजळ निळं-हिरवं दिसायला लागलं. गेल्या उन्हाळ्यात ती पडली, हाताला प्लॅस्टर घातलं. प्लॅस्टर काढल्यावर तो हात बारीक झालेला बघितला आणि वाटलं, हे आता किती दिवस. फोटो काढून ठेवता येतो, पण फोटो मोबाईलबरोबर जातो. म्हटलं आपल्याच हातावर घेऊ.

पोरानं नगरमधला एक कलाकार शोधला. मला वाटलं होतं, यात्रेत कसं, मढीच्या यात्रेत बॅटरीवरची मशीन घेऊन बसलेले असायचे, हात पुढं केला की पाच मिनिटांत नाव काढून मोकळं. इथं तसं नाही. आधी भेटायची वेळ घ्या, मग चित्र ठरवा, मग ॲडव्हान्स भरा, मग तारीख. मला आधी राग आला, की हा काय मोठा सर्जन लागून गेला. पण भेटल्यावर राग गेला. पोरगा पंचविशीतला. पहिलाच प्रश्न, "काका, का काढायचंय?" मी सांगितलं. मग म्हणाला, "आजीच्या हाताचा फोटो हवा. हात सपाट ठेवा, वरून सरळ काढा, शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. सकाळच्या उजेडात काढा, दुपारचा नको."

आवडलं मला ते. माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा हे शिकवताना साहेब लोक असंच सांगतात. नमुना चुकला की पुढचं सगळं चुकलं.

भाव इंचावर असतो. माझं चित्र दोन इंच रुंद, तीन इंच उंच. तीन हजार सांगितले, त्यातले एक हजार ॲडव्हान्स. ऐन वेळी आलो नाही तर ॲडव्हान्स गेला. चित्र काढून झाल्यावर एकदा फुकट बदल, पुढच्या प्रत्येक बदलाला पैसे. मी घासाघीस करून बघितली, तो हसला फक्त.

तारीख ठरवायला मात्र मला वेळ लागला. जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तेवढे दिवस त्या हाताला ऊन नको, माती नको, शेण नको, फवारणी तर नकोच. विहिरीत पोहणं बंद. आता शेतकऱ्यानं असे तीन आठवडे आणायचे कुठून? आमच्या गावात पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पाऊस पडला, किती मुरला, पिण्याला आणि जनावरांना किती, मग उरल्यात काय पिकवायचं. तसाच मी दिवसांचा ताळेबंद मांडला. उन्हाळ्यात घाम आणि ऊन, नको. मृगात पेरणी, नको. बाजरी-मूग निघाले, ज्वारी उगवून वर आली, कांद्याचं रोप वाफ्यात आहे आणि लागण दूर आहे, अशी एकच फट सापडली, नोव्हेंबरचा तिसरा-चौथा आठवडा. धारा आणि शेणकूर तेवढे दिवस पोरगा बघणार. बोलला तर आहे, बघू.

तयारीचं पण लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

एक, मला बीपीची गोळी आहे. कलाकारानं विचारलं, रक्त पातळ करायची गोळी आहे का, साखर आहे का. मी डॉक्टरांकडं जाऊन साखर तपासली, ठीक निघाली. ज्यांना साखर आहे त्यांची जखम लवकर भरत नाही, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करू नये. गोंदणासाठी जीव धोक्यात घालण्यात अर्थ नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन पण होऊन बरीच वर्षं झाली होती, ते घेतलं.

दोन, गोंदल्यावर एक वर्ष रक्तदान करता येत नाही. म्हणून मी महिनाभर आधीच रक्त देऊन आलो.

तीन, सुई. जुन्या बाया एकाच सुईनं सगळ्या आळीला गोंदायच्या. आपल्याला आता कळतं की कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही हे सगळं सुईवाटे जातं. डाळिंबवाल्यांना सांगायची गरज नाही. तेल्या असलेल्या बागेत एका झाडाची कात्री तशीच दुसऱ्या झाडाला लावली तर काय होतं? म्हणून आपण कात्री प्रत्येक झाडाला औषधात बुडवतो. माणसाचं तसंच. सुई नवी, बंद पाकिटातली, आपल्या डोळ्यांसमोर फोडलेली पाहिजे. शाई छोट्या टोपणात वेगळी काढलेली, उरली तर फेकून द्यायची, बाटलीत परत ओतायची नाही. हातमोजे नवे. मी हे सगळं विचारलं. त्यानं न रागावता दाखवलं. जो दाखवत नाही त्याच्याकडं जाऊ नका.

चार, माझा पुतण्या मिलिटरी भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे पळतो. तो म्हणाला, काका मी पण दंडावर वाघ काढतो. त्याला तिथंच थांबवलं. सैन्यात हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला छोटं गोंदण चालतं. दुसरीकडं असेल तर भरतीत बाद होऊ शकतो. एका वाघापायी दोन वर्षांचं पळणं वाया. भरतीवाल्या पोरांनी हे ध्यानात ठेवा.

पाच, आदल्या रात्री झोप, सकाळी पोटभर जेवण, दारू नाही. दारूचा प्रश्न आमच्या गावात तसाही येत नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

आठ दिवसांपूर्वी कलाकारानं चित्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. फार सुंदर. पसरलेल्या रेघा सरळ केल्या, वृंदावनाच्या पायऱ्या नीट, तुळशीची पानं मोजून दोन्ही बाजूंना सारखी. आईच्या हातावर तुळशीच्या डाव्या अंगाला, जरा खाली, एक मोठा ठिपका आहे. तो एकटाच आहे आणि तुळशीपेक्षा जास्त गडद आहे. कलाकारानं तो तसाच ठेवला आणि उजव्या बाजूला तसाच दुसरा टाकला, जोडी जमवायला. मला काही खटकलं नाही. उलट बरं दिसत होतं.

संध्याकाळी आई ओट्यावर बसली होती. मोबाईल तिच्यापुढं धरला, चित्र मोठं करून दाखवलं. बघत राहिली. आधी म्हणाली, "आरं, बाप्या माणसानं कुठं तुळस काढत्यात का?" मग चष्मा नीट केला. मग त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"ह्ये दोन कशाला केलं? येकच गेली व्हती."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

माझ्या आधी एक बहीण होती हे मला माहीत होतं, पण तेवढंच. लहानपणी गेली, एवढं कधीतरी चुलतीच्या तोंडून ऐकलेलं. आईनं आजवर विषय काढला नव्हता, आम्हीही नाही. त्या दिवशी बोलली. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या विहिरी आटल्या, माणसं मिळेल तिकडं गेली. आई-वडील दुष्काळी कामावर गेले, खडी फोडायला. मी दोन वर्षांचा, कडेवर. बहीण चार वर्षांची. खायला लाल मिलो आणि सुकडी. पाणी मिळेल ते. तिला हगवण लागली, तीन दिवसांत गेली. कामावरच्या पालातच.

"फोटू नव्हता," आई म्हणाली. "कापडं व्हती दोन, ती तुलाच घातली. पुढल्या सुगीला गोंदणारी आली तर तिला म्हनलं, येक ठिपका टाक. ती म्हनली, येकच कशाला, पाच टाकते, पैकं नको देऊ. म्या म्हनलं, नको. येकच."

मग बहिणीचं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, ते घरातच राहू द्या.

मंडळी, आमच्या गावाविषयी लोक फार बोलतात. नव्वद सालापासून झालेलं श्रमदान, डोंगरावरचे सलग समतल चर, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. लांबून गाड्या भरून माणसं बघायला येतात. मी स्वतः किती पाहुण्यांना डोंगरावर नेऊन चर दाखवले असतील. बहात्तरचा दुष्काळ म्हणून मी पण सांगायचो, गाव कसं ओसाड झालं होतं वगैरे. भाषणासारखं सांगायचो. पण त्या दुष्काळात आमच्या घरातलं काय गेलं त्याची नोंद माझ्याच आईच्या हातावर होती. पन्नास वर्षं त्या हातची भाकरी खाल्ली, आणि मी त्याला नक्षी समजत होतो.

दुसऱ्या दिवशी कलाकाराला फोन केला. म्हणालो, उजवा ठिपका काढ. तो म्हणाला, "काका, एक बाजू मोकळी दिसेल. नंतर वाटलं तरी काढलेलं पुसता येत नाही." मी म्हणालो, मोकळीच असू दे. आणि डावा पण तू मधे आणलाय, तो जिथं होता तिथं खाली घे, वाकडा तर वाकडा. का ते थोडक्यात सांगितलं. पोरगा जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "बदलून पाठवतो. ह्याचे पैसे नाही लागणार." फुकट बदल तसाही होताच, पण त्यानं ते ज्या पद्धतीनं म्हटलं ते लक्षात राहिलं.

नवीन चित्र आलं ते आईला दाखवलं. तिनं मान हलवली. म्हणाली, "आता बराबर." मग म्हणाली, "दुखंल रं." मी म्हणालो, तुला दुखलं होतं का? तर म्हणाली, "तवा काय कळत व्हतं का."

तर उद्या अकराला. अंघोळ करून, जेवून, लांब बाहीचा सुती सदरा बरोबर घेऊन जाणार. तो आधी हातावर कागदाचा छाप उमटवतो, तो बघून आपण हो म्हटल्यावरच सुई लावतो. त्या वेळी मी एकच गोष्ट बघणार आहे, ठिपका जागेवर आहे का. घरी आल्यावर हळद, तेल, शेण, बिब्बा काहीही लावायचं नाही हे आईला आधीच सांगून ठेवलंय. साध्या साबणानं धुवायचं, सांगितलेलं मलम पातळ लावायचं, खपली खाजवायची नाही. वाफ्यांत पाणी दुसरं कुणीतरी फिरवेल.

तुम्हाला एकच सांगणं. घरात आई, आजी, चुलती असेल आणि हातावर गोंदण असेल, तर आज जेवण झाल्यावर शेजारी बसा आणि विचारा, हे कधीचं, हे काय आहे. सगळीच नक्षी नक्षी नसते. खाली सांगितलंत तर मी वाचीन. उत्तर द्यायला उशीर होईल, हात आखडलेला असेल.

पुढची नोंद कांदा लागणीची. रोप चांगलं राहिलं तर एकराला किती पेंढ्या लागल्या ते आकड्यांसकट देतो.

राम राम.