यावूर री निम्दु?

आपल्या सीमाभागात अनोळखी माणूस दिसला की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न पुढं येतो. "गाव कोणतं?" नाहीतर "यावूर री निम्दु?" घरात दोन्ही भाषा नांदणाऱ्या आपल्यासारख्यांना दोन्ही प्रश्न सवयीचे. गावाचं नाव सांगितलं की माणूस निम्मा ओळखीचा होतो; पुढं कुणीतरी पाहुणा, कुणीतरी सोयरा निघतोच. पण ज्याचं घरच चाकांवर आहे, त्यानं काय सांगावं?

हल्ली बिदरचा किल्ला पाहायला येणाऱ्यांत एखादी कॅम्परव्हॅन दिसते. आत झोपायची सोय, शेगडी, पाण्याची टाकी. भोवती पोरं जमतात, मोठी माणसंही डोकावतात, मोबाईलवर फोटो निघतात. माझ्या वर्गातल्या दोघांना तर नोकरी न धरता असंच हिंडावंसं वाटतं. (नोकरी मिळायची आहे, हा भाग वेगळा!) आणि हमरस्त्याच्या कडेला घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरतं. पूर्वी बैलगाडी होती, आता बहुधा टेम्पो. भाता, ऐरण, भांडीकुंडी, लेकरं सगळं त्यातच. बाई घण घालते, आपण खुरपं-विळा शेवटून घेतो, पण फोटो कुणी काढत नाही. उलट "किती दिवस राहणार?" असं विचारतो. या प्रश्नात आदरातिथ्य नसतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

चांगली गाडी असली म्हणजे माणूस वाचतो, असंही नाही. जुलै २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथं जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे. दोन आठवड्यांच्या आत आपल्याच बिदर जिल्ह्यात, औराद भागातल्या मुरकीजवळ, मोटारीतून आलेला हैदराबादचा एक तरुण संगणक अभियंता असाच मारला गेला. निमित्त काय, तर गाडीतल्यांनी वाटेत मुलांना चॉकलेट दिलं. त्यांना गाव होतं, शिक्षण होतं, मोटार होती. राईनपाड्याच्या बातमीवर हळहळलेला आपला जिल्हा त्याच महिन्यात स्वतः बातमीत आला.

हा संशय व्हॉट्सॲपनं जन्माला घातलेला नाही. लमाणांचे तांडे एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. दख्खनेत उतरलेल्या मोगल फौजांची रसदसुद्धा त्यांच्यावर चाले. तेव्हा त्यांची वाट पाहिली जाई. रेल्वे आली, सडका झाल्या, लदेणीचा धंदा बसला. इंग्रजांनी १८७१ मध्ये 'गुन्हेगार जमाती' कायदा केला आणि कितीतरी फिरत्या जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगार असा शिक्का बसला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या बोलण्यात राहिला, आपल्या घरांतल्या शिव्यांमध्येसुद्धा.

लमाण स्थिरावले त्याला आता पिढ्या लोटल्या. तरी सरकारी दप्तरात बऱ्याच तांड्यांना स्वतंत्र गावाचा दर्जा नव्हता. १९ जानेवारी २०२३ रोजी कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेड इथं, राष्ट्रकूटांच्या जुन्या राजधानीत, पंतप्रधानांच्या हस्ते हक्कपत्रांचं वाटप सुरू झालं. बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १,४७५ वस्त्या महसुली गावं म्हणून जाहीर झाल्या होत्या; पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांना घराच्या जागेचे कागद मिळायचे होते.

कॉलेजच्या प्रवेश अर्जात 'गाव' असा रकाना असतो. तांड्यावरची मुलं तिथं शेजारच्या मोठ्या गावाचं नाव लिहीत, आणि विचारलं तर खाली मान घालून "तांडा आहे, सर" म्हणत. आता काही मुलं तांड्याचंच नाव लिहितात. घिसाड्याचं पोर अजून माझ्या वर्गात आलेलं नाही.