दोन इंच

जुन्या जीपची दोन अंगं असतात. खाली चासी : इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, चाकं, सगळा भार तिच्यावर. वर पत्र्याची बॉडी : माणसं, सामान, ऊन, पाऊस तिच्या वाट्याला. ही दोन अंगं थेट एकमेकांवर टेकत नाहीत. मध्ये रबराचे जाड गुटके असतात आणि त्यांतून आरपार गेलेले बोल्ट दोघांना धरून ठेवतात. आमच्या घरच्या महिंद्रा एमएम ५४० चा विषय निघाला की मला तिची ताडपत्री किंवा इंजिनाचा आवाज आधी आठवत नाही. आठवते ती ही मधली जागा. मी जे काही शिकले, त्यातलं बरंच त्या जागेत डोकावून शिकले.

आमच्या घरचे वडीलधारे अण्णा पाझर तलावांची आणि नालाबंडिंगची छोटी कामं घ्यायचे. कन्नड, सोयगाव, वैजापूर हा त्यांचा मुलूख. मराठवाड्यात जीप म्हणजे आधी सरकार. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांना लांबून धुळीचा लोट दिसला की साहेब आले हे कळायचं, असं ते सांगत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीजनं बनवलेली ही गाडी महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत जोडायला घेतली. मग ती तहसिलीत गेली, पोलीस ठाण्यात गेली, लसी घेऊन वाड्या-वस्त्यांवर गेली आणि पुढे काळी-पिवळी होऊन टपापर्यंत माणसं वाहू लागली. आमच्याकडे आली तेव्हा ती दुसऱ्या हाताची होती. प्यूजोच्या तंत्रावर बनलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आणि सहा-सोळाचे अरुंद टायर.

अडचण काळ्या मातीची होती. पावसाळ्यात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर शिवाररस्त्यावर खोल चाकोऱ्या पाडतात. जीपची चाकं चाकोरीत उतरली की मधला उंचवटा डिफरन्शियलच्या गोळ्याला टेकायचा. गाडी पोटावर बसायची. मग चारही चाकांना ताकद दिली तरी ती जागच्या जागी चिखल उडवत राहायची. पाटे उंच केले, तरी गोळा एक्सलबरोबर जमिनीपासून तेवढाच राहतो. त्याला वर उचलायचं तर टायरच मोठा हवा. टायर व्यासाला दोन इंच वाढला, तर गोळ्याखाली एकच इंच मिळतो. पण चिखलात तो एक इंचच पार करून नेतो. सात-सोळाचे टायर घातल्यावर मात्र वळणावर आणि खड्ड्यात ते मडगार्डला घासू लागले. आता बॉडी वर घेणं आलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याला सुटे भाग पुरवणारी वर्कशॉप वाढत गेली. त्यामुळे हवा तो तुकडा लेथवर कातून देणारा माणूस शहरात सहज मिळायचा. आमच्या मिस्त्रींना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांनी नायलॉनच्या जाड दांड्यातून दोन-दोन इंचांचे गुटके कातून घेतले. लाकूड पाणी पितं आणि दाबाखाली चेचतं, म्हणून लाकूड नको, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. गंजलेल्या बोल्टांना रात्रभर डिझेल पाजलं. सकाळी एका बाजूचे बोल्ट काढले, दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले केले. जॅकवर जाड फळी ठेवली, म्हणजे पत्रा चेपणार नाही, आणि दांडा हळूहळू मारत बॉडी उचलली. मी बॅटरी धरून वाकले होते. इतकी वर्षं चिकटून असलेली दोन अंगं सुटताना करकरली आणि मध्ये उजेडाची फट दिसली.

त्या फटीत मला समजलं की उचलणं हे काम सगळ्यात सोपं. स्टिअरिंगचा बॉक्स चासीवर, पण त्याचा दांडा डॅशबोर्डला धरलेला; बॉडी वर गेली की तो तिरपा ओढला जातो. रेडिएटर बॉडीबरोबर वर जातो, पंखा इंजिनाबरोबर खालीच राहतो. हवा मग नेमकी लागत नाही आणि घाटात पाणी उकळतं. गिअरचे दांडे फरशीत बुडतात. हँडब्रेकची केबल ताणली जाते, अर्थिंगची पट्टी तुटायला येते.

चाचांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं गॅस कटर पेटवला असता. चाचा म्हणाले, “बेटा, कापायचं काही नाही. कापलेलं परत येत नाही.” त्यांनी स्टिअरिंगच्या क्लॅम्पमध्ये गुटक्याएवढीच पॅकिंग दिली, दांडा मूळ कोनात आला. रेडिएटर खाली घ्यायला लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट वाकवले आणि बोल्टनंच बसवले. केबल आणि पट्टी लांब लावली. जुने बोल्ट, जुन्या वायसर, सगळं एका डब्यात भरून अण्णांच्या हाती दिलं. त्या पावसाळ्यात जीप गौताळा अभयारण्याच्या कडेनं अशा वाटांवर गेली, जिथे आधी ट्रॅक्टरशिवाय कुणी जात नव्हतं. उंची वाढली की तोल वर सरकतो, हे अण्णा जाणून होते. कन्नडच्या घाटात त्यांचा वेग तेव्हापासून कायमचा उतरला.

चाचांच्या त्या वाक्याचा आवाका मला पुढे अजिंठ्यात कळला. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं लेण्यांतली चित्रं वाचवायला इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावलं. निखळत चाललेले रंगाचे पापुद्रे त्यांनी पक्के केले आणि ती मोलाची सेवा होती. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर काळानुरूप पिवळा पडला आणि तो उतरवणं पुढच्या पिढ्यांना फार जड गेलं. आज संवर्धनाचं शास्त्र एक नेम पाळू पाहतं : आज जे कराल, ते उद्या शक्यतो कुणाला काढता आलं पाहिजे. आमच्या चाचांनी हा नेम कुठल्याही पुस्तकात वाचला नव्हता.

अण्णा गेल्यावर जीप माझ्याकडे आली. फरशीचा पत्रा कुजला म्हणून बॉडी पुन्हा उचलावी लागली. तोवर बरंच बदललं होतं. जिथे आम्ही रुतायचो, त्यातल्या बऱ्याच गावांना ग्रामसडक योजनेतून डांबरी रस्ते झाले होते. कायदाही स्पष्ट झाला होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत. ज्या गरजेनं ते दोन इंच आले होते, ती गरज सरली होती. मी ते उतरवायचं ठरवलं. गुटके निघाले, नवे रबर बसले, क्लॅम्पमधली पॅकिंग निघाली, टायर पुन्हा सहा-सोळाचे आले. प्रत्येक बोल्ट आपल्या मूळ भोकात गेला. चासीवर वेल्डिंगचा एक डाग नाही, पत्र्याला एक काप नाही.

मला गाडी उंच केल्याचा जितका अभिमान आहे, तितकाच ती उतरवता आल्याचा आहे. दोन्हींचं श्रेय एकाच माणसाच्या हाताला जातं. आज शहरातली तरुण मुलं नव्या थार घेऊन वर्कशॉपमध्ये किती इंच वाढतील हे विचारतात. त्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो, कारण गाडीखाली शिरून पाहणारा माणूस गाडीवर प्रेम करायला शिकतो. त्यांना मी एवढंच सांगते : आधी कायदा विचारा, मग मिस्त्रीला विचारा की हे परत काढायचं झालं तर काय कापावं लागेल. ‘काहीच नाही’ असं जो छातीठोकपणे सांगेल, त्याच्याच हाती गाडी द्या. वस्तू आपल्याआधी कुणाची तरी होती, आपल्यानंतर कुणाची तरी होणार आहे. तिच्यात बदल करायचा हक्क आपल्याला आहे. पुढच्याचा हक्क कापून टाकायचा नाही.